गुरुजींचे पत्र स्पॅममध्ये सापडले तेव्हा

मी मोडी कागद वाचून देण्याचे काम करते. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गात मी ही लिपी शिकले, पुढे पेशवे दफ्तरातल्या रुमालांवर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर, नजर बसवली आणि २०१६ मध्ये स्वतःचे एक लहानसे संकेतस्थळ सुरू केले. ज्यांच्या घरी ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे कागद पडून आहेत, पण ते वाचणारे कोणी उरलेले नाही, अशा लोकांनी कागदांचे फोटो मला ईमेलने पाठवावेत आणि मी ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून द्यावेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. पाठवणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे बरीच असतात. त्यांना पत्ता शोधत बसावे लागू नये म्हणून मी तो संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत दिला होता. तो दाबला की पत्र लिहिण्याची खिडकी आपोआप उघडत असे.

पहिली दोन वर्षे नको असलेली पत्रे दिवसाला दोन-तीन येत आणि त्यांचा त्रास असा जाणवत नसे. २०२२ च्या पावसाळ्यापर्यंत मात्र त्यांचा आकडा रोज साठ-सत्तरवर गेला. संकेतस्थळाला गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देतो म्हणणारे, बिनव्याजी कर्ज देणारे, परदेशातल्या अज्ञात नातेवाइकाची मालमत्ता माझ्या नावावर करू पाहणारे, आणि माझ्या संकेतस्थळाच्या नावाची, म्हणजे डोमेनची, नोंदणी संपत आली असल्याची खोटी बिले पाठवणारे, असे सगळे त्यांत होते. डाकसेवेची गाळणी त्यांतली बहुतेक पत्रे स्पॅमच्या पेटीत टाकत असे आणि त्या पेटीत डोकावणे मी केव्हाच सोडून दिले होते.

त्या ऑगस्टमध्ये भोर तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा फोन आला. माझा क्रमांक त्यांनी कोणाकडून तरी मिळवला होता. ते म्हणाले, “ताई, मी तुम्हाला दोनदा कागद पाठवले. उत्तर आलं नाही, तेव्हा म्हटलं, पत्ताच बंद झाला असेल.” त्यांच्याशी बोलता बोलताच मी स्पॅमची पेटी उघडली. तीत एकोणीसशेहून अधिक पत्रे होती आणि त्यांच्या गर्दीत गुरुजींची दोन्ही पत्रे होती. एक तेवीस दिवसांपूर्वीचे, दुसरे सोळा दिवसांपूर्वीचे. विषयाची ओळ कोरी होती, आत मजकुराचा एक शब्द नव्हता, फक्त चार फोटो जोडलेले होते. एखाद्या यंत्राला अशा पत्राचा संशय यावा, यात नवल नाही. ही पेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते, म्हणजे आणखी आठवडा गेला असता तर पहिले पत्र कायमचे नाहीसे झाले असते.

ते चार फोटो शके १७९७ मधल्या, म्हणजे १८७५ च्या सुमाराच्या एका खरेदीखताचे होते. त्या तेवीस दिवसांतच प्रांत कार्यालयात गुरुजींच्या जमिनीच्या प्रकरणाची तारीख होऊन गेली होती आणि ते वाचन हातात नसताना तिथे उभे राहिले होते. सुदैवाने पुढची तारीख मिळाली होती. मी त्याच रात्री चारही पाने उतरवून त्यांना पाठवली, पण माझ्या मनाला लागले ते लागलेच. माझ्याकडे कागद पाठवणारा माणूस एका विश्वासाने पाठवतो आणि उत्तर आले नाही, तर दोष आपलाच समजून गप्प बसतो. गुरुजींनी फोन केला म्हणून कळले; ज्यांनी फोन केला नाही अशी किती पत्रे गेल्या सहा वर्षांत त्या पेटीत विरून गेली, हे मोजायची काही सोय नव्हती.

माझा भाचा हिंजवडीत संगणकाच्या क्षेत्रात काम करतो आणि रविवारी सहकारनगरला माझ्याकडे येतो. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने आधी एक प्रश्न विचारला. “मावशी, तुला स्पॅम कमी करायचंय, की खरी पत्रं हरवायला नकोत? दोन्हींचा उपाय एकच नाही.” हा प्रश्न मला आजही फार मोलाचा वाटतो, कारण पुढच्या सात-आठ महिन्यांत जेव्हा जेव्हा आम्ही चुकलो, तेव्हा तेव्हा पहिल्या गोष्टीच्या मागे लागून दुसरी विसरलो म्हणूनच चुकलो.

त्याने मला माझ्याच संकेतस्थळाचे पान उघडून त्याचा मूळ स्रोत पाहायला लावले. पडद्यावर आपल्याला नेटके पान दिसते, पण ब्राउझरला मिळते ती साधी अक्षरे असतात, आणि पत्ते गोळा करणारे संगणकी कार्यक्रमही (प्रोग्राम) नेमकी तीच अक्षरे वाचतात. असा कार्यक्रम एक पान उतरवतो, त्यातल्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जातो आणि वाटेत काही अक्षरे, मग ॲट चिन्ह, पुन्हा काही अक्षरे, टिंब आणि शेवटी दोन-चार अक्षरे अशी घडण दिसली की तेवढा तुकडा उचलून यादीत टाकतो. दाबल्यावर पत्राची खिडकी उघडणारा, “मेलटू” हा शब्द असलेला दुवा म्हणजे तर त्याला दिलेले आमंत्रणच. माझ्या सगळ्या पानांत मिळून पत्ता त्रेचाळीस वेळा होता. एकदा यादीत गेलेला पत्ता विकला जातो, एका यादीतून दुसरीत उतरतो आणि तो परत काढून घेण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. संकेतस्थळावर ठेवायची रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाईल अशा कार्यक्रमांना अडवील, अशी माझी समजूत होती. पण ती फाईल म्हणजे दारावरची सूचना आहे. शोधयंत्रांसारखे शिस्तीचे पाहुणे ती पाळतात, बाकीच्यांना ती वाचण्याचीही गरज वाटत नाही.

हे प्रकरण आजचे नाही, हेही त्या निमित्ताने मला कळले. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ईमेलच्या पत्त्यात ॲट चिन्ह वापरले आणि त्यानंतर सातच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, इंटरनेटच्या आधीच्या, अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्यावर गॅरी थुअर्क या विक्री अधिकाऱ्याने संगणकांच्या प्रदर्शनाची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदमच धाडली. पत्ते घेतले होते आर्पानेटच्या छापील नामावलीतून. लोकांना एकमेकांशी संपर्क साधता यावा म्हणून सद्‌भावनेने प्रसिद्ध केलेल्या यादीचा असा वापर पहिल्याच वेळी झाला होता. फरक इतकाच की तेव्हा नामावली कोणीतरी बसून उतरवून काढली आणि आता ते काम यंत्र करते.

पत्ता झाकण्याचे मार्ग पुष्कळ सांगितले जातात. त्यांतला कोणता माझ्या कामाचा आहे हे ऐकीव माहितीवर ठरवण्यापेक्षा करून पाहावे, असे आम्ही ठरवले. माझ्या डोमेनच्या नोंदणीखाली हवे तितके पत्ते काढता येतात, म्हणून आम्ही सहा नवे पत्ते तयार केले. प्रत्येकाची सुरुवात कोणालाही अंदाजाने सुचणार नाही अशा नऊ अक्षरांची होती, कारण स्पॅम पाठवणारे इन्फो, ॲडमिन, सेल्स असले नेहमीचे शब्द नुसत्या अंदाजानेही लावून पाहतात आणि आम्हाला फक्त पानावरून उचललेला पत्ता मोजायचा होता. सहा वेगळ्या पानांवर हे पत्ते सहा पद्धतींनी ठेवले, त्या पानांचे दुवे मुखपृष्ठावर दिले आणि १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर मी एका शंभर पानी वहीत नोंद ठेवली.

उघडा लिहिलेला पत्ता अकराव्या दिवशी सापडला आणि तीन महिन्यांत त्यावर दोनशेच्या वर पत्रे आली. दुसऱ्या पानावर आम्ही प्रत्येक अक्षर त्याच्या क्रमांकाने लिहिले होते. संकेतस्थळाची पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये तशी सोय असते, ॲट चिन्हाचा क्रमांक ६४ आहे आणि ब्राउझर तो वाचून पडद्यावर चिन्हच काढतो. या उपायाची शिफारस मी खूप ठिकाणी वाचली होती, पण त्या पत्त्यावरही सदतीस पत्रे आली, कारण क्रमांकांची अक्षरे करणे ब्राउझरला जितके सोपे, तितकेच गोळा करणाऱ्या कार्यक्रमालाही सोपे आहे. ॲट आणि डॉट हे शब्द रोमन लिपीत लिहून ठेवलेल्या पत्त्यावर चार पत्रे आली. पत्त्याचे चित्र करून लावलेले पान, पानाचे रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटच्या साहाय्याने उलटा लिहून सुलटा दाखवलेला पत्ता आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेने तुकडे जोडून तयार होणारा पत्ता, या तिघांवर तीन महिन्यांत एकही पत्र आले नाही.

वहीतल्या त्या तीन शून्यांवर मी खूश झाले आणि त्यांतला दिसायला सर्वांत सरळ मार्ग, म्हणजे चित्र, निवडला. डिसेंबरपासून संकेतस्थळावरून जुना पत्ता काढून नव्या पत्त्याचे चित्र लावले. स्पॅम थांबले. पण महिन्याला दहा-बारा कागद येत, ते त्या महिन्यात तीनच आले. एका बाईंनी साताऱ्याहून फोन करून सांगितले की त्या बोटाने पत्ता दाबतात आणि काहीच होत नाही. पत्त्यातले एक अक्षर आय आहे की एल, हेही त्यांना मोबाइलच्या पडद्यावर कळत नव्हते. त्यांनी दोन्ही लावून पाहिले होते.

दुसरा फोन कोथरूडहून आला, आणि तो मला जास्त शिकवून गेला. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ दृष्टिहीन आहेत आणि पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा कार्यक्रम वापरतात. त्यांच्या आजोबांची पत्रे घरात होती आणि ती कोणी वाचून दाखवावीत अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. “तुमच्या संपर्काच्या पानावर आल्यावर माझा संगणक फक्त ‘चित्र’ असं म्हणतो आणि पुढे जातो,” ते शांतपणे म्हणाले. चित्राला पर्यायी मजकूर दिला असता तर त्यांना पत्ता ऐकू आला असता, पण मग तोच मजकूर गोळा करणाऱ्या कार्यक्रमालाही मिळाला असता. उलट्या अक्षरांचा उपायही त्यांच्या कामाचा नव्हता, कारण पडदा वाचणारा कार्यक्रम ती अक्षरे उलटीच वाचतो, आणि डोळस माणसाने तो पत्ता कॉपी करून चिकटवला तरी तो उलटाच उमटतो. म्हणजे माझ्या तीन शून्यांपैकी दोन शून्ये माणसांना दाराबाहेर ठेवून मिळालेली होती. ज्या लिपीमुळे माणसाला स्वतःच्या घरातला कागद वाचता येत नाही, ती वाचून देणे हे माझे काम, आणि माझाच पत्ता कोणाला वाचता येऊ नये, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी नव्हती.

मग पत्ता अजिबात न देता संपर्काचा अर्ज ठेवावा, असे एका परिचितांनी सुचवले. नाव, पत्ता, मजकूर असे रकाने आणि खाली “पाठवा” असे बटण. जानेवारीत एका जुन्या नमुन्यावरून मी तो लावला आणि पाठवणाऱ्याला खात्री वाटावी म्हणून त्याच्याच मजकुराच्या प्रतीसह “आपला संदेश मिळाला” अशी पोच आपोआप जाईल, अशी सोय केली. हे सौजन्य चांगलेच महागात पडले. अर्ज भरणारे कार्यक्रम पाठवणाऱ्याच्या रकान्यात तिसऱ्याच कोणाचा पत्ता लिहू लागले आणि मजकुराच्या रकान्यात स्वतःची जाहिरात घालू लागले. माझा सर्व्हर इमानेइतबारे ती जाहिरात पोच म्हणून त्या अनोळखी माणसाला पाठवू लागला. ज्यांच्याकडून मी संकेतस्थळासाठी जागा घेतली आहे त्या कंपनीने दोन दिवस माझी डाक बंद ठेवली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर स्पॅम मीच पाठवत होते.

पोच काढून टाकली आणि माणसांना न दिसणारा एक रकाना अर्जात ठेवला, जो कार्यक्रम भाबडेपणाने भरतो आणि त्यावरून ओळखला जातो. पडदा वाचणाऱ्यांना तो ऐकू आलाच तर घोटाळा नको म्हणून त्याला “हा रकाना रिकामा ठेवावा” असे नावही दिले. पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत आलेला अर्ज नाकारायचा, असाही नियम केला. या दोन्ही गोष्टी चांगल्या चालल्या, आणि ज्यांना अर्जच ठेवायचा आहे त्यांनी त्या जरूर कराव्यात. चित्रांतून बस किंवा रस्त्याकडेचा पाण्याचा नळखांब ओळखायला लावणारे कोडे मात्र मी लावून आठवड्यातच काढले. आपल्याकडच्या रस्त्यांवर क्वचितच दिसणारा नळखांब भोरच्या माणसाने चौकोनांत शोधत का बसावे? तरीही माझ्या कामाची मुख्य अडचण अर्जाने सुटली नाही. लोकांना मला दहा-दहा फोटो पाठवायचे असतात, आणि अर्जातून मोठे फोटो चढवताना खेड्यातले मोबाइलचे जाळे अर्ध्यात तुटते, मग सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शिवाय पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीत पत्राची प्रत राहत नाही. मार्चमध्ये अर्ज काढला.

शेवटी राहिला तिसरा मार्ग, जावास्क्रिप्टचा. भाच्याने तो नुसता उचलून लावला नाही, त्यावर दोन रविवार बसला. पानाच्या स्रोतात आता कुठेही ॲट चिन्ह नाही आणि मेलटू हा शब्दही नाही. पत्त्याचे तीन तुकडे तीन ठिकाणी ठेवलेले आहेत, त्यांतले प्रत्येक अक्षर वर्णमालेत ठरावीक घरे पुढे सरकवलेले आहे, आणि वाचकाने “पत्ता दाखवा” हे बटण दाबल्यावरच ते तुकडे सुलट होऊन एकत्र येतात. आजकाल काही गोळा करणारे कार्यक्रम पूर्ण ब्राउझर चालवतात आणि पान उघडताच जे आपोआप घडते ते त्यांनाही दिसते; म्हणून पत्ता आपोआप न जुळता दाबल्यावरच जुळावा, हा भाग त्याने आग्रहाने ठेवला.

हे तयार झाल्यावर मी कोथरूडच्या त्या गृहस्थांना फोन केला आणि आपण तपासून द्याल का, असे विचारले. त्यांनी फोन संगणकाशेजारी ठेवला. मला त्यांच्या यंत्राचा भरभर आवाज ऐकू येत होता. “पत्ता दाखवा, बटण,” असे यंत्र म्हणाले. त्यांनी एंटर दाबले. त्यानंतर काहीच ऐकू आले नाही. पडद्यावर पत्ता उमटला होता, पण पानावर नवे काही आले आहे हे यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते. पानाच्या ज्या भागात मजकूर नंतर बदलणार असतो, त्यावर आरिया-लाइव्ह नावाची खूण करावी लागते, म्हणजे बदल झाल्याबरोबर तो वाचून दाखवला जातो. भाच्याने ती खूण करून अर्ध्या तासात पान पुन्हा चढवले. या वेळी बटण दाबल्यावर यंत्राने पत्त्यातले प्रत्येक अक्षर म्हटले आणि ते गृहस्थ म्हणाले, “आता आला. आता पत्रं स्कॅन करायला मुलाला सांगतो.”

ज्यांच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद असते किंवा नीट चालत नाही त्यांच्यासाठी बटणाखाली पत्ता मराठीत, देवनागरीत, अक्षर-अक्षर करून लिहिला आहे. ही कल्पना माझी, आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. रोमन अक्षरांची घडण शोधणाऱ्या कार्यक्रमाला त्या ओळीत काहीही सापडत नाही, आणि मराठी वाचणाऱ्या कोणालाही ती मोठ्याने वाचून नातवाला लिहायला सांगता येते. मात्र त्यासाठी पत्ताच नीट निवडावा लागला. आधी मी त्यात “वाचन” हा शब्द घेतला होता. तो काही जण व्ही लावून लिहीत, काही डब्ल्यू लावून, कोणी दोन ए लिहीत, कोणी एकच. देवनागरीत निःसंदिग्ध असलेला शब्द रोमनमध्ये इतक्या तऱ्हांनी फुटतो, हे मोडी वाचणारीला तरी आधी सुचायला हवे होते, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि एकाच शब्दाचे दोन उच्चार समोर ठेवून संदर्भाने निवड करणे हे माझे रोजचेच काम आहे. शेवटी “लिहा” हा शब्द घेतला आणि खाली स्पष्ट लिहिले: एल, आय, एच, ए, मग ॲट चिन्ह. तरी कोणी आयऐवजी दोन ई लिहिलेच, तर तेही पत्र पोहोचावे म्हणून तो पत्ता जोडनाव म्हणून चालू ठेवला आहे.

एवढे करूनही भाच्याचा पहिला प्रश्न अर्धाच सुटला होता. स्पॅमची पेटी जवळपास रिकामी झाली म्हणून गुरुजींसारखे कोरे पत्र तीत जाणार नाही असे नव्हते. त्यावरचा उपाय अगदी साधा निघाला. बटण दाबल्यावर जो पत्ता दिसतो त्याच्या दुव्यातच विषयाची ओळ आधी भरून ठेवता येते. आता तो दाबला की पत्राच्या खिडकीत “मोडी कागद – गाव:” असे आपोआप येते आणि पाठवणाऱ्याने पुढे गावाचे नाव लिहायचे असते. माझ्या पेटीत नियम केला आहे की विषयात हे शब्द असलेले पत्र कधीही स्पॅममध्ये जाऊ नये. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच, आणि ती करायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

जुन्या पत्त्याचे काय करायचे, हा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला. तो लोकांच्या डायऱ्यांत होता, मी वाटलेल्या कार्डांवर होता आणि सरावासाठी चढवलेल्या अकरा पीडीएफ फाईलींच्या तळाशीही होता, ज्या मी साफ विसरले होते. इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहात संकेतस्थळांची जुनी पाने जपलेली असतात, तिथेही तो होताच. “पत्ता बदलला आहे” असे आपोआप उत्तर लावावे, असे मला वाटत होते, पण भाच्याने ते करू दिले नाही. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता सहसा खोटा, म्हणजे कुणा निरपराध माणसाचा असतो, आणि माझी उत्तरे त्याच्या दारात जाऊन पडली असती. अर्जाच्या वेळी जे झाले तेच पुन्हा झाले असते. म्हणून आम्ही एक वर्ष जुना पत्ता चालू ठेवला, त्यावर आलेली देवनागरी मजकुराची किंवा फोटो जोडलेली पत्रे वेगळ्या कप्प्यात वळवली, आणि दर शनिवारी सकाळी चहा घेताना मी तो कप्पा शेवटच्या पत्रापर्यंत पाहत असे. त्या वर्षात त्यातून एकोणीस खरी पत्रे निघाली. प्रत्येकाला हाताने उत्तर लिहून नवा पत्ता कळवला. एप्रिल २०२४ मध्ये जुना पत्ता बंद केला, तोही असा की सर्व्हर पत्र घेऊन टाकून देत नाही, दारातच नाकारतो. त्यामुळे खऱ्या माणसाला त्याच्याच डाकसेवेकडून पत्र पोहोचले नसल्याची सूचना मिळते. गुरुजींच्या बाबतीत जे झाले त्याच्या मुळाशी ही सूचना न मिळणेच होते.

माझ्या नावाने दुसऱ्या कोणी पत्रे पाठवू नयेत म्हणून डोमेनच्या नोंदणीत एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी घातल्या. आपली पत्रे कोणत्या सर्व्हरवरून निघतात, त्यांवर कोणती सही असते आणि ती नसेल तर घेणाऱ्याने काय करावे, हे त्या सांगतात. त्यानंतर, मी न पाठवलेली पत्रे परत येण्याचा प्रकार जवळजवळ थांबला. हवे तितके पत्ते चालू ठेवणारी ती सोयही चाचणीनंतर बंद केली, नाहीतर अंदाजाने लावलेला प्रत्येक शब्द माझ्याच पेटीत येऊन पडला असता.

नव्या पत्त्यावर पहिले स्पॅम आले ते जून २०२४ मध्ये, आणि माझ्या संकेतस्थळावरून तर तो उचलला गेलेला नव्हता. शोधल्यावर कळले की एका संस्थेने मोडी वाचकांची यादी पीडीएफ करून आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती आणि तीत माझ्यासह सतरा जणांचे पत्ते उघडे छापले होते. हेतू चांगलाच होता. मी त्यांना हे सगळे सविस्तर लिहून कळवले, त्यांनी चार दिवसांत यादी बदलली आणि आमच्या नावांसमोर प्रत्येकाच्या संपर्क-पानाचा दुवा दिला. तेव्हापासून कोणत्याही संस्थेला पत्ता देताना मी मूळ शब्दापुढे अधिकचे चिन्ह आणि त्या संस्थेची दोन-तीन अक्षरे जोडून देते. पत्र माझ्याच पेटीत येते, पण ते कोणाकडून फुटले हे पाहताक्षणी कळते, आणि गरज पडली तर तेवढीच एक वाट बंद करता येते.

सध्या दिवसाला एखादे-दुसरे स्पॅम येते आणि स्पॅमची पेटी मी रोज रात्री पूर्ण वाचू शकते, इतकी ती लहान असते. गेल्या महिन्यात गुरुजींच्या पुतणीचे पत्र आले. विषयाच्या ओळीत “मोडी कागद – गाव:” यापुढे तिने गावाचे नाव आणि त्यापुढे “काकांनी सांगितले म्हणून” असे लिहिले होते. खाली सात फोटो होते. तिसऱ्या फोटोत कागदाची घडी अगदी ओळीवरच पडली आहे आणि दोन शब्द तिच्यात गेले आहेत. ते सोडून बाकीचे वाचून झाले आहे, आणि त्या घडीचा जवळून घेतलेला फोटो पाठव, असे मी तिला काल कळवले आहे.